सगळाच लव्हाळा नसतो!



गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे दादर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून पाहा. फूलबाजारात गर्दी असतेच, पण बाहेर पदपथावरही पाय ठेवायला जागा नसते. पालघर, शहापूर, कसारा या बाजूंच्या बायका रात्रीच्या गाडीने येऊन बसलेल्या असतात. पुढ्यात ओल्या फडक्यावर दूर्वा, बेल, शमी, आघाडा, तेरडा, केवडा मांडलेला असतो. हा सगळा रानातला आणि बांधावरचा माल. घरी सण साजरा व्हायचा तो याच्याच पैशांवर.

तेथे काही वर्षांपूर्वी पाहिलेली एक साधी गोष्ट सांगतो. गिरगावातून आलेल्या एक आजी दूर्वांच्या जुड्या घेत होत्या. प्रत्येक जुडी त्या अंगठा आणि पहिल्या बोटात धरून हलकेच फिरवून पाहत. एका जुडीशी थांबल्या, दोन काड्या उपसून बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्या दूर्वा नव्हेत गं. हा लव्हाळा आहे. गणपतीला नाही चालायचा." विकणाऱ्या बाईने मुकाट्याने जुडी बदलून दिली. मग गिऱ्हाईक गेल्यावर तिनेही उरलेल्या जुड्या तशाच बोटांत फिरवून तपासल्या आणि त्यातून चांगली मूठभर काडी निघाली.

मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो. त्या आजींच्या बोटांना जे कळले, ते कृषी पदवी घेतलेल्या माझ्या डोळ्यांना एकदा कळले नव्हते. आणि त्याची किंमत एका शेतकऱ्याने मोजली होती.

बांधावरून दिलेला सल्ला

गोष्ट १९९५ सालची. मला नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. माणगाव तालुक्यातल्या एका गावी दोघे भाऊ. थोरले गावी भातशेती करीत, धाकटे परळच्या एका गिरणीत कामाला आणि राहायला लालबागच्या चाळीत. बेणणीचे पैसे धाकटे दरवर्षी मुंबईहून पाठवीत. थोरले दोन-दोन वेळा माणसे लावून बेणणी करीत, तरी भाद्रपदात खाचर तणाने भरलेले.

मी गेलो, बांधावर उभा राहिलो, पाहिले आणि ठामपणे सांगितले, "दादा, हा लव्हाळा आहे. वरून उपटून जायचा नाही. याच्या गाठी जमिनीत असतात. भात कापल्यावर दीड-दोन वीत खणून गाठी वेचून काढा."

पुस्तकात होते तेच मी सांगितले. मी फक्त एक गोष्ट केली नव्हती. चिखलात उतरून एक रोप मुळासकट उपटून पाहिले नव्हते.

थोरल्यांनी हिवाळ्यात दोन खाचरे कुदळीने खणून घेतली. मजुरीत होते नव्हते ते पैसे गेले. गाठी जवळजवळ सापडल्याच नाहीत. मला वाटले, मजुरांनी काम नीट केले नसेल. पुढच्या पावसाळ्यात त्याच दोन खाचरांत तण पुन्हा तसेच उभे! गणपतीला धाकटे गावी आले, शेत पाहिले, आणि आरतीला जमलेल्या माणसांसमोर भावाला म्हणाले, "माझे पैसे जातात तरी कुठे?"

शेतकरी घरात हा प्रश्न किती खोल जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोघे भाऊ एका पंगतीला बसले नाहीत. थोरले दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितले ते केले. आता तुम्हीच माझ्या भावाला सांगा."

धोबी तलावाच्या कपाटात

सणानंतर मी आणि थोरले, दोघे मुंबईला गेलो. बरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले तण होते, या वेळी मुळासकट आणि तुऱ्यासकट. रात्री धाकट्यांच्या खोलीवर उतरलो. सकाळी तिघे मिळून धोबी तलावाच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेलो. मी विद्यार्थी असताना आमची सहल तेथे गेली होती, म्हणून ते ठिकाण मला माहीत होते.

जाताना बसमधून धाकटे गमतीने म्हणाले, "मुंबईत आणि तण दाखवायला?" पण मुंबईचा आणि पाणथळ जमिनीचा संबंध जुना आहे. वरळीचा बांध, म्हणजे हॉर्नबी वेलार्ड, १७८० च्या दशकात झाला. त्याआधी भरतीचे पाणी बेटांमधल्या सखल भागात शिरून पार पायधुणीपर्यंत येई. परळच्या बाजूला भाताची खाचरे होती. गिरगावात मुगभाट, बोरभाट, कांदेवाडी, केळेवाडी ही नावे अजून आहेत. त्या नावांतच पूर्वीची शेते आणि वाड्या दिसतात. धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक येथले तलाव बुजले, नावे राहिली. जेथे असे पाणी आणि चिखल, तेथे लव्हाळ्याचे कूळ असायचेच.

झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. हर्बेरियम म्हणजे वाळवून, दाबून जाड कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. कोणती वनस्पती कोठे, कोणत्या दिवशी आणि कोणी गोळा केली, हे प्रत्येक कागदावर लिहिलेले असते. फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) हे स्वित्झर्लंडहून आलेले धर्मगुरू. त्यांचे नाव या संग्रहाला आहे. त्यांनी चार्ल्स मॅकॅन यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातल्या गवतांवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९३५ साली, ब्लॅटर यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्याआधी थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्यातल्या सगळ्याच वनस्पतींची नोंद छापली होती. आपल्या बांधावरच्या साध्या काडीचीही अशी नोंद कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली आहे, हे पाहून थोरले थक्क झाले.

तेथल्या एका अभ्यासकांनी आमचे गोणपाट उघडले. वर्तमानपत्रावर तण पसरले, एकेक काडी बोटांत फिरवली, भिंगातून तुरे पाहिले आणि थोड्याच वेळात तीन ढीग केले. म्हणाले, "हे तुमचे एक तण नाही, तीन आहेत. आणि खरा लव्हाळा यात एकही नाही."

थोरले माझ्याकडे पाहून म्हणाले, "मग मी खणत काय होतो?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर धाकट्यांना मिळाले होते. त्यांनी भावाच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि म्हणाले, "चल दादा, चहा घेऊ."

चार ठिकाणी पाहा

त्या दिवशी शिकलो ते पुढे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितले आहे. तण ओळखताना नुसत्या पात्यावर जाऊ नका. पाते सगळ्यांचेच लांब, अरुंद आणि हिरवे असते. देठ, पानाचा जोड, मूळ आणि तुरा अशा चार ठिकाणी पाहा.

१. देठ. फुलाचा देठ अंगठा आणि बोटात धरून फिरवा. गवताचा देठ गोल लागतो, त्याला पेरी असतात आणि बहुधा तो आत पोकळ असतो. लव्हाळ्याच्या कुळातला देठ बहुतेक वेळा तीन कडांचा असतो. बोटाला कडा लागतात. तो आत भरीव असतो आणि बुडापासून तुऱ्यापर्यंत पेर नसते. ब्लेडने आडवा कापला तर त्रिकोण दिसतो. दादरच्या आजींना कळले ते हेच. दूर्वेला, म्हणजे आपल्या हरळीला, पेरी असतात, लव्हाळ्याला नसतात.

२. पानाचा जोड. गवताची पाने देठाच्या दोन बाजूंना आलटून-पालटून येतात आणि पानाचा खालचा वेढा एका बाजूने उघडा असतो. लव्हाळ्याच्या कुळात पाने तीन बाजूंना येतात आणि वेढा नळीसारखा बंद असतो. भातासारखे दिसणारे रानसाव्याचे गवतही येथेच पकडता येते. भाताचे पान देठाला मिळते तेथे पातळ, पांढुरकी जिभळी असते. रानसाव्याला ती नसते. रोपे लहान असताना बायका बेणायला बसतात, तेव्हा ही एक खूण फार कामाची आहे.

३. मूळ. हे सर्वांत महत्त्वाचे, आणि हेच आपण पाहत नाही. ओढून तोडू नका. खुरपे खोल घालून मातीसह उचला आणि पाण्यात धुवा. नुसती केसासारखी मुळे आहेत, की तारेसारख्या दोऱ्याला गाठी लागल्या आहेत, ते पाहा.

४. तुरा. रंग, आकार, आणि तो शेंड्यावर आहे की देठाच्या कुशीतून निघाल्यासारखा दिसतो, हे पाहा.

खरा लव्हाळा आणि त्याचे भाऊबंद

खरा लव्हाळा (सायपेरस रोटुंडस). पाने गडद हिरवी, चकचकीत. तुरा तांबूस-जांभळट तपकिरी. जमिनीत तारेसारखे बारीक दोरे आणि त्यांवर माळेसारख्या एकापुढे एक काळपट गाठी. गाठ नखाने खरवडली तर सुगंध येतो, चव कडवट. याला मोकळी, ओलावा असलेली जमीन मानवते. सतत पाणी तुंबलेल्या खाचरात तो सहसा जोर धरत नाही. ही खूण मला १९९५ साली आठवायला हवी होती.

याचा एक भाऊ पिवळसर तुऱ्याचा आहे (सायपेरस एस्क्युलेंटस). त्याची गाठ दोऱ्याच्या टोकाला एकेकटीच असते, माळ नसते. ती कडू नसून गोडसर लागते.

तांबडमुळ्या मोथा (सायपेरस इरिया). आमच्या गोणपाटातला हा पहिला ढीग. मुळे तांबूस-पिवळी, केसासारखी, गाठी मुळीच नाहीत. तुरा सैल, फाटे फुटलेला, पिवळसर तपकिरी.

गोंडेवाला मोथा (सायपेरस डिफॉर्मिस). हा दुसरा. याचा तुरा म्हणजे दाट, गोल गोंडे. देठ मऊ, पाण्याने भरलेला. भाताच्या तुंबलेल्या पाण्यात हा खुशाल वाढतो.

पंख्यासारखा मोथा (फिंब्रिस्टायलिस). हा तिसरा. बुडाशी पाने चपटी, उघडलेल्या पंख्यासारखी मांडलेली. तुरा विरळ, त्यावर तपकिरी बारीक मण्यांसारखे दाणे.

वरची तिन्ही मराठी नावे मी शिकवण्याच्या सोयीसाठी देतो. तुमच्या गावात त्यांना वेगळी नावे असतील, तीच वापरा. महत्त्वाचे हे की ही तिन्ही हंगामी तणे आहेत. ती गाठीने वाढत नाहीत, बियांनी वाढतात, आणि एका रोपावर हजारो बारीक बिया धरतात.

आता गोल देठाचे. तळ्याच्या काठाला काही काड्या अगदी गोल, बिनपानाच्या दिसतात आणि तुरा मध्येच देठाच्या कुशीतून फुटल्यासारखा वाटतो. त्याही बहुधा लव्हाळ्याच्याच कुळातल्या असतात. तुऱ्याखालचे पान देठासारखेच सरळ वर गेलेले असते, म्हणून डोळा फसतो. थंड देशांत याच रूपाची, पण निराळ्या कुळाची, जंकस नावाची वनस्पती पाणथळीत भरपूर असते. तिच्या फुलाला सहा बारीक पाकळ्यांसारखे भाग असतात आणि फळात पुष्कळ बिया. लव्हाळ्याच्या कुळात एका फुलाला एकच दाणा. जंकस हिमालयात बरीच आहे, आपल्याकडे क्वचित.

पाणकणीस, ज्याला काही ठिकाणी रामबाण म्हणतात, ते तर सर्वांच्या ओळखीचे आहे. माणसाहून उंच, आणि शेंड्याला तपकिरी, मखमली कणीस. पण कणीस नसताना त्याची पाने वेखंडासारखी भासतात. वेखंडाचे पान चुरगळले की उग्र वास येतो आणि पानावर मधली शीर उठून दिसते. पाणकणसाला वास नाही आणि पान आतून स्पंजासारखे असते. बाळगुटीसाठी वेखंड लागते म्हणून कोणी ओढ्याकाठचे मूळ खणून आणले, तर आधी ही परीक्षा करा. न ओळखलेले मूळ तान्ह्या बाळाच्या तोंडी घालू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

ओळख पटली, आता काय करायचे?

ओळख चुकली की उपायही उलटा पडतो.

हंगामी मोथ्यांना फूल येण्याआधी उपटा. भात लावल्यापासून पहिला महिना-सव्वा महिना हाच खरा काळ. आमच्या थोरल्या भावांची बेणणी उशिरा होत होती. उपटलेले तण बांधावर आणि खाचरात टाकले जाई आणि त्यातून बी झडून पुढच्या वर्षाची पेरणी आपोआप होई. खणून काही उपयोग नव्हता, कारण जमिनीत गाठी नव्हत्या, बी होते. रोपे रुजल्यावर खाचरात सुमारे ५ सेंटिमीटर पाणी कायम ठेवले, तर यातले पुष्कळसे बी उगवतच नाही. तुरा आलेले तण मात्र शेताबाहेर न्या.

खऱ्या लव्हाळ्याचे उलट आहे. तो वरून खुरपला की एकाचे चार होतात. दोऱ्यावरच्या गाठी झोपलेल्या असतात. माळ तुटली की त्या जाग्या होतात. त्याला उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी वर आणा आणि कडक उन्हात वाळू द्या. वाळलेली गाठ मरते. पावसाळ्यात उगवला तर दर दोन-तीन आठवड्यांनी काढत राहा, म्हणजे नव्या गाठी धरायला त्याला सवड मिळत नाही. त्याला सावली सोसत नाही, म्हणून ताग किंवा धैंचा दाट पेरून गाडणे फार चांगले. शेणखतातून आणि रोपवाटिकेच्या पिशवीतल्या मातीतून गाठी येतात, तिकडे लक्ष ठेवा.

तणनाशकाबद्दल एवढे ध्यानात ठेवा. नुसते गवत मारणारे औषध लव्हाळ्याच्या कुळाला लागत नाही. २,४-डी भातातल्या हंगामी मोथ्यांवर चालते, पण रानसाव्याला काही करीत नाही. खऱ्या लव्हाळ्याची फक्त पाने जळतात आणि गाठी जिवंत राहतात. शिवाय ते वाऱ्याने उडून शेजारच्या द्राक्षावर, कपाशीवर किंवा भाजीवर गेले तर नुकसान होते. उसातल्या खऱ्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे औषध आहे. कोणतेही औषध असो, पीक, वेळ आणि मात्रा पत्रकात वाचूनच वापरा. दुकानदाराने "तणाचे औषध" म्हणून दिले एवढ्यावर जाऊ नका. त्याला तुमच्या शेतातले तण दाखवा, तेही मुळासकट.

शत्रू तुमच्या शेतात, सुगंध गिरगावात

दिवाळीच्या आधी गिरगावात किंवा दादरला काष्ठौषधींच्या दुकानात जा. उटण्याच्या सामानात गव्हला, कचोरा, वाळा यांच्या शेजारी नागरमोथा मांडलेला असतो. आयुर्वेदातली मुस्ता म्हणजे आपल्या खऱ्या लव्हाळ्याचीच गाठ. नागरमोथा या नावाने मात्र त्याचा सख्खा भाऊ, सायपेरस स्कॅरिओसस, हाही विकला जातो. तो विशेषतः मध्य प्रदेशातून येतो आणि त्याच्या तेलाला अत्तराच्या धंद्यात मागणी आहे. म्हणजे व्यापारातही ओळखीला किंमत आहे.

उन्हाळी नांगरटीत निघालेल्या गाठी फेकण्यापेक्षा स्वच्छ करून, केसर काढून वाळवल्या आणि आधी व्यापाऱ्याला नमुना दाखवला, तर खर्चाचा थोडा भार हलका होऊ शकेल. पण तणनाशक मारलेल्या जमिनीतल्या गाठी औषधाला देऊ नका. आणि चार पैसे मिळतील म्हणून लव्हाळा मुद्दाम लावायचा विचार स्वप्नातही आणू नका. तुकोबांनी नम्रतेचा दाखला देताना लव्हाळाच निवडला. पुराला पुरून उरणारे हे रोप एकदा शेतात घुसले की आपल्यालाही पुरून उरते.

घरचे हर्बेरियम

थोरल्या भावांनी पुढच्या वर्षी बेणणी वीस दिवस अलीकडे आणली, पाणी धरून ठेवले आणि तुरेवाले तण बांधावर टाकणे बंद केले. तण एका वर्षात संपले नाही. जमिनीतले जुने बी काही वर्षे उगवतच राहते. पण तिसऱ्या वर्षी बेणणीला निम्मी माणसे पुरली. धाकट्यांनी पैसे पाठवणे थांबवले नाही. त्या पैशांतून बांध दुरुस्त झाला.

त्यांच्या घरी मी एक गोष्ट सुरू करून दिली, ती तुम्हीही करा. शेतातले एकेक तण मुळासकट आणि तुऱ्यासकट धुऊन जुन्या वर्तमानपत्रात पसरा आणि वर पाटा किंवा जड दगड ठेवा. दोन-तीन दिवस रोज कागद बदला, मग जरा उशिरा बदलला तरी चालेल. आठ-पंधरा दिवसांत ते वाळले की वहीच्या कागदावर चिकटवा. खाली शेताचे नाव, तारीख आणि गावात त्या तणाला म्हणतात ते नाव लिहा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना सांगा आणि नावे आजीला विचारायला लावा. दोन पावसाळ्यांत तुमच्या शिवाराचे स्वतःचे हर्बेरियम तयार होईल. सहायक कृषी अधिकारी घरी आले की बांधावरून बोट दाखवण्याऐवजी ती वही त्यांच्यापुढे ठेवा.

आणि माझ्यासारखा कोणी साहेब बांधावर उभा राहून ठामपणे नाव सांगू लागला, तर त्याला चिखलात उतरवा, एक रोप मुळासकट उपटायला लावा. फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी तण एकदा बोटांत फिरवून पाहा.